गाजर गवत: वळवापासून सुगीपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही शिवारात श्रावणात जा, एकच काम चाललेलं दिसतं. गणपतीच्या आधी रान साफ करायचं म्हणून बांधावरचं पांढरंशुभ्र फुललेलं गाजर गवत विळ्याने कापतात आणि ढीग तिथेच बांधावर टाकतात. पंधरा दिवसांत त्याच बुंध्यांना फुटवे येतात आणि हातभर उंचीवरच पुन्हा फूल धरतं. ढिगातलं बी पावसाच्या पाण्याबरोबर सरीत उतरतं. मजुरी जाते, अंगाला खाज सुटते आणि पुढच्या मिरगात रान पुन्हा गाजर गवताचंच.

चुका तीन आहेत. काम उशिरा होतं, गवत उपटण्याऐवजी कापलं जातं आणि आधी रान, मग बांध असा उलटा क्रम धरला जातो. एका झाडाला १५ ते २५ हजारांपर्यंत बी धरतं आणि उगवल्यापासून महिन्या-दीड महिन्यात फूल येतं. म्हणून खालची सगळी कामं दोनच गोष्टींवर बेतली आहेत: फुलाआधी हात घालायचा आणि बाहेरून आत यायचं.

## टप्पा १: कोवळेपणी ओळखा

फुललेलं गाजर गवत पोरंही ओळखतात. ओळखायचं असतं ते त्याआधीचं. उगवल्यावर पहिले काही आठवडे ते जमिनीला चिकटून चक्रासारखं पसरतं. पानं गाजरासारखी चिरलेली, पण राखट हिरवी आणि बारीक लवेची. मधला दांडा वर येईपर्यंत ते पायाखाली असूनही नजरेत भरत नाही, आणि उपटायची खरी वेळ तीच.

बेळगाव तालुक्यात भाजीपाल्याच्या पट्ट्यात गाजर लावलेल्या वाफ्यांत गोंधळ होतो. शंका आली तर पान बोटांत चुरगळा. गाजराच्या पानाला गाजराचाच वास येतो. गाजर गवताला तो येत नाही आणि पान हाताला खरखरीत लागतं.

तपासा: भांगलणीला येणाऱ्या बायकांना पहिल्याच दिवशी असं एक कोवळं रोप मुळासकट हातात देऊन दाखवा. नाहीतर उंच झाडं निघतात आणि जमिनीलगतची चक्रं तशीच राहतात.

## टप्पा २: एप्रिल-मेमध्ये रानाभोवती फेरी मारा

बी पेरण्याआधीचं हे काम बहुतेक जण करतच नाहीत. रान नांगरून पडलेलं असतं, तण दिसत नाही, म्हणून विषय संपल्यासारखा वाटतो. पण या दिवसांत वाळलेली करडी खोडं बांधावर उभी असतात आणि गेल्या वर्षी बी कुठे पडलं ते सांगत असतात.

एक फेरी मारा आणि वहीत लिहा: पाणंदीचा तोंडाचा भाग, उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली भरायला उभी राहते ती जागा, पाण्याच्या मोटारीच्या पेटीभोवती, पाटाचं तोंड, उकिरडा, मळणीचं खळं, ओढ्याकडची बाजू. पहिली उगवण इथेच होते. रानाच्या मधोमध गाजर गवत एकदम येत नाही. ते या ठिकाणांवरून दोन-तीन वर्षांत आत सरकत जातं.

## टप्पा ३: बी येण्याच्या वाटा बंद करा

बी अगदी हलकं असतं. वाऱ्याने ते थोड्या अंतरावर जातं, पण एका शिवारातून दुसऱ्या शिवारात ते पाणी, चिखल, यंत्रं आणि खत यांच्याबरोबर जातं. इथे थोडं जास्त लक्ष द्या, कारण या वाटा उघड्या ठेवून रानात कितीही भांगललं तरी दरवर्षी नवं बी येतच राहतं.

शेणखत. फुललेलं गवत कापून गोठ्यात अंथरायचं, तिथून उकिरड्यावर आणि उकिरड्यावरून थेट रानात, ही सर्वांत मोठी वाट. उकिरड्याच्या कडेला हे गवत उभं असेल तर खत कितीही जुनं असो, त्यात ताजं बी पडतच राहतं. उकिरड्याभोवती पाच-सहा हातांचा पट्टा बारा महिने साफ ठेवा. विकत खत घेताना गाडी भरण्याआधी ढिगाची जागा स्वतः बघून या. तिथे गाजर गवत उभं असेल तर ते खत घेऊ नका.

मळणी यंत्र आणि ऊस वाहतूक. सोयाबीनचं मळणी यंत्र एका दिवसात चार शिवारं फिरतं. आपल्या बांधावर यायच्या आधी मागच्या खळ्यावरच ते रिकामं फिरवून आणि झाडून घ्यायला सांगा. मालक कुरकुर करतो, पण दहा मिनिटांचं काम आहे. उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांचा चिखल अडवता येत नाही. ट्रॉली उभी राहायची जागा मात्र एकच ठरवा आणि तोड संपल्यावर तीन आठवड्यांनी तिथे जाऊन बघा.

पुराचं पाणी. शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी रानात घुसतं. मार्कंडेय, दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा यांच्या काठालाही तेच. पाणी ओसरल्यावर गाळाची रेघ जिथवर येते तिथवर बी आलेलं असतं. ती रेघ लक्षात ठेवा आणि तेवढ्या पट्ट्यात एक जादा भांगलण धरा.

मेंढ्या. मेंढ्या बसवल्याने जमिनीला खत मिळतं, ते बंद करायची गरज नाही. लोकरीतून आणि खुरांच्या चिखलातून बी येतं एवढं ध्यानात ठेवा. जिथे कळप बसला तो तुकडा पेरणीआधी टप्पा ४ मधून नेलाच पाहिजे.

मुरूम, गाळ, माती. रस्त्याकडेची माती भरून आणणं म्हणजे बी विकत आणणं. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कडेची माती तर नकोच.

## टप्पा ४: वळवावर उगवू द्या आणि मग मारा

एप्रिल-मेमध्ये वळवाचे एक-दोन चांगले पाऊस पडले की वरच्या थरातलं बी उगवतं. हा फुकटचा फायदा आहे.

1. पाऊस पडला की रानाला हात लावू नका. दहा-बारा दिवस तण उगवू द्या.
2. वाफसा आला, म्हणजे जमीन मशागतीपुरती सुकली, की कुळवाची पाळी द्या, उथळ, दोन-तीन इंचांपर्यंतच.
3. आणखी एक वळीव झाला तर हेच पुन्हा करा.
4. मग पेरणी.

सावधान: या टप्प्यावर खोल नांगरट करू नका. गाजर गवताचं बी वरच्या इंच-दोन इंचांतूनच उगवतं. खोल गाडलेलं बी काही वर्षं जिवंत राहतं, आणि नांगर घातला की तेच वर येतं. खोल नांगरायचंच असेल तर सुगीनंतर लगेच, पावसाच्या तोंडावर नाही.

वळीव चुकला आणि विहिरीला पाणी असेल तर निदान सर्वांत घाण तुकडा भिजवून घ्या. सगळ्या रानाला हे परवडत नाही, पण बांधालगतच्या चार-पाच सऱ्यांना परवडतं.

## टप्पा ५: पेरणीनंतरचे पहिले ४५ दिवस

नुकसान होतं ते याच दिवसांत. पुढे पिकाने रान झाकलं की सावलीत गाजर गवताचा जोर राहत नाही.

सोयाबीन आणि भुईमूग. पहिली कोळपणी १५ ते २० दिवसांनी आणि भांगलण महिन्याच्या आत. मिरगात पाऊस लागून राहिला तर कोळपं चालत नाही, म्हणून अशा रानात पेरणीनंतर पेंडीमिथॅलिन ३० टक्के मारून ठेवणं शहाणपणाचं. सोयाबीनला एकरी १ ते १.३ लिटर, पेरणी झाल्यापासून दोन दिवसांच्या आत, जमीन ओली असताना. हे औषध बी उगवताना मारतं. उगवून वर आलेल्या रोपाला ते काही करत नाही. तण दिसल्यावर पेंडीमिथॅलिन मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं, आणि ही चूक दरवर्षी होते.

मका. अ‍ॅट्राझिन ५० टक्के, एकरी ४०० ते ८०० ग्रॅम, हलक्या जमिनीला कमी, भारीला जास्त. पेरणीनंतर लगेच आणि ओलीवर. मक्यात तूर, उडीद किंवा इतर कडधान्याचं आंतरपीक असेल तर अ‍ॅट्राझिन अजिबात नको, आंतरपीक जळतं. मक्यामागून हरभरा किंवा मसूर घ्यायचा बेत असेल तर मात्रा वाढवू नका, औषधाचा अंश जमिनीत राहतो.

ऊस. लावणीपासून सऱ्या झाकेपर्यंत, म्हणजे साडेतीन-चार महिने रान उघडं असतं. बांधणीपर्यंत दोन भांगलणी चुकवू नका. खोडव्यात, म्हणजे तोडीनंतर बुंध्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात, उत्तम उपाय पाचट (उसाचा वाळलेला पाला) हाच. सगळ्या सऱ्यांत सारखं पसरलं की उजेड न मिळाल्याने बी उगवत नाही. पाचट पेटवलं की नेमकी उलट गत होते: जमीन उघडी, तोडीच्या ट्रॉल्यांबरोबर आलेलं बी ताजं आणि पहिल्या पाण्याला सगळं एकदम वर.

भात. चिखलणी करून लावलेल्या भातात हे गवत टिकत नाही. खानापूर भागात धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेल्या भातात सुरुवातीला येतं आणि पाणी साठलं की मरतं. भाताच्या रानाचा खरा प्रश्न बांधावर आणि भात कापल्यानंतर सुरू होतो, तो टप्पा ९ मध्ये.

बटाटा. माती चढवताना कोवळी रोपं गाडली जातात. त्याआधी उंच झालेली तेवढी हाताने काढून घ्या.

### पंपाचं माप काढल्याशिवाय औषध मारू नका

‘एका पंपाला एक झाकण’ हा हिशोब सोडून द्या. प्रत्येकाची चाल आणि नोझल वेगळं, त्यामुळे एकाच्या रानात तण मरत नाही आणि दुसऱ्याचं पीक पिवळं पडतं. माप असं काढा:

1. ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे एक गुंठ्याचा तुकडा दोरीने आखा.
2. पंपात मोजून साधं पाणी घाला आणि नेहमीच्या चालीने तेवढाच तुकडा फवारा.
3. उरलेलं पाणी मोजा. समजा ५ लिटर लागलं, तर एकराच्या ४० गुंठ्यांना २०० लिटर लागेल.
4. १५ लिटरचा पंप असेल तर २०० लिटर म्हणजे साधारण सव्वातेरा पंप. एकरी ४०० ग्रॅम अ‍ॅट्राझिनचे एका पंपाला ३० ग्रॅम आले.

नोझल तणनाशकाचंच, म्हणजे पट्टा पाडणारं वापरा. कीटकनाशकाच्या गोल फवाऱ्याने जमीन सारखी भिजत नाही. पेरणीनंतरचं औषध मारताना मागे-मागे सरकत जा, फवारलेल्या जागेवर पाय देऊ नका.

सावधान: उसात किंवा जोंधळ्यात टू-फोर-डी हे रुंद पानांच्या तणावरचं औषध मारताना शेजारी काय आहे ते आधी बघा. निपाणीकडे तंबाखू, अथणीकडे द्राक्षबाग, बेळगावाभोवती टोमॅटो आणि घेवडा. या औषधाचा नुसता उडालेला फवाराही या पिकांची पानं आकसून टाकतो. वारं असेल तर मारू नका, शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा आणि तो पंप पुन्हा कीटकनाशकासाठी वापरू नका.

## टप्पा ६: उपटणी

औषध कितीही मारा, काही झाडं राहतातच, आणि ती हातानेच काढावी लागतात. भांगलणीचा बराचसा पैसा इथे चुकीच्या पद्धतीमुळे वाया जातो.

आधी अंगाची काळजी. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, नाकातोंडाला फडकं. हातमोजे नसतील तर हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. ज्यांना दमा आहे किंवा आधी या गवताने पुरळ उठलेलं आहे त्यांना या कामाला लावूच नका, दुसरं काम द्या. ही खाज एकदा जडली की दरवेळी वाढत जाते. बायका ‘सवय आहे’ म्हणून उघड्या हातांनी काम करतात आणि पुढे वर्षानुवर्षं सोसतात. मोजे आणून देणं हे मालकाचं काम आहे.

मग क्रम:

1. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी दिल्यावर, जमीन मऊ असताना उपटा. कोरड्या जमिनीत खोड मानेशी तुटतं आणि राहिलेल्या मानेला चार फुटवे येतात.
2. झाड अगदी जमिनीलगत धरा, सरळ वर ओढा. सोटमूळ निघालंच पाहिजे. जमीन कडक असेल तर खुरप्याचं टोक मुळाशी खाली घालून उचला.
3. सुरुवात बांधाच्या बाहेरच्या बाजूने करा, मग बांध, मग बांधालगतच्या सऱ्या, शेवटी मधलं रान.
4. फूल न आलेली झाडं मुळं वर करून सरीत टाकली तरी चालतात, त्यांचं आच्छादन होतं.
5. फूल आलेलं प्रत्येक झाड युरियाच्या रिकाम्या पोत्यात. झटकायचं नाही, ओढत न्यायचं नाही. आधी फुलांचा शेंडा पोत्यात, मग बाकीचं झाड.

उपटलेल्या झाडावरचं फूल हिरवं असलं तरी त्यात बी पिकू शकतं. म्हणून ‘उपटलं ना, आता मरेल’ असं धरून ते बांधावर टाकू नका.

तपासा: तीन आठवड्यांनी त्याच ओळीतून पुन्हा फिरा. हुकलेली आणि नव्याने उगवलेली रोपं तेव्हा अजून जमिनीलगत असतात आणि अर्ध्या वेळात काम होतं. ही दुसरी फेरी जो सोडतो त्याची पहिली फेरीही फुकट गेली असं समजा.

## टप्पा ७: काढलेल्या गवताचं काय करायचं

फूल न आलेल्या गवताचं खत उत्तम होतं. तीन फूट खोल, सहा फूट रुंद, दहा फूट लांब खड्डा घ्या, पाणी साठणार नाही अशा उंचवट्यावर. सुमारे ५० किलो गवताचा थर, त्यावर शेणकाला, अर्धा किलो युरिया आणि थोडी माती. असे थर पायाने दाबत वर घुमटासारखे येईपर्यंत भरा आणि शेणमातीने लिंपून टाका. चार-पाच महिन्यांत खत तयार होतं. खड्डा नीट तापला नाही तर बी जिवंत राहतं, म्हणून फुललेलं गवत यात घालायचा मोह टाळा.

फुललेलं गवत पोत्यातच वाळू द्या आणि एका ठरावीक जागी, वस्तीपासून लांब जाळा. धुरात उभं राहू नका. जाळणं शक्य नसेल तर दोन-तीन फूट खोल पुरा आणि तिथे पुन्हा नांगर घालू नका.

जनावरांना घालू नका. जनावर सहसा तोंड लावत नाही, पण वैरणीची टंचाई असली की कुट्टीत मिसळून जातं आणि दूध कडवट येतं.

## टप्पा ८: बांध, पाणंद आणि माळ

इथे पीक नाही म्हणून लोक थेट ग्लायफोसेट हे सरसकट सगळं जाळणारं तणनाशक मारतात. त्याने गाजर गवताबरोबर बांधावरचं गवत, हरळी, टाकळा सगळंच जळतं, आणि उघड्या पडलेल्या बांधावर सर्वांत आधी परत येतं ते गाजर गवतच. बांध उघडा ठेवायचा नाही, दुसऱ्या झाडोऱ्याने भरायचा.

- टाकळा. पावसाळ्यात ज्याची भाजी खातो तोच टाकळा. त्याचं बी दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळल्या की गोळा करा आणि एप्रिल-मेमध्ये, वळवाआधी बांधावर, पाणंदीकडेला, माळावर फेका. तो आधी उगवून दाट झाला की गाजर गवताला जागा उरत नाही. पहिल्या वर्षी मधली गाजर गवताची रोपं हाताने काढावी लागतात.
- मेक्सिकन भुंगे. पाठीवर गडद रेषा असलेला हा दुधी रंगाचा भुंगा १९८४ मध्ये बेंगळुरूत सोडला गेला आणि आता आपल्याकडे पावसाळ्यात आपोआपही सापडतो. जिथे त्यांनी खाऊन गाजर गवताच्या पानांची चाळण केलेली दिसेल तिथून भोकं पाडलेल्या डब्यात गोळा करा आणि माळावर एका जागी पाचशे ते हजार सोडा. जून ते ऑक्टोबर ते जोरात खातात, मग जमिनीत शिरून बसतात. त्यामुळे जिथे नांगर-कुळव फिरतो तिथे त्यांचा उपयोग नाही, आणि जिथे सोडले तिथे फवारणी नाही.
- मिठाचं पाणी. लिटरला २०० ग्रॅम मीठ हा उपाय फक्त घराची भिंत, फरशीच्या फटी आणि दगडी जागांसाठी. रानात किंवा बांधावर मारलं तर माती खारवते.

पाणंद आणि गायरान एकट्याने साफ होत नाही. लगतच्या सगळ्या रानवाल्यांनी एकाच आठवड्यात उपटणी केली तरच निभाव लागतो. देशभर १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह असतो, पण आपल्या भागात वळवावर उगवलेलं तण तोवर एकदा बी टाकून मोकळं झालेलं असतं. पंचायतीकडून काम करून घ्यायचं असेल तर जूनच्या शेवटच्या आठवड्याचं मागा.

## टप्पा ९: सुगीनंतर

भात निघाल्यावर ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा घेतला जातो. या पिकांची वाढ सावकाश होते आणि थंडीतही गाजर गवत उगवत राहतं. पेरणीनंतर २० ते २५ दिवसांनी एक भांगलण करा. बांधालगतच्या दोन हातांत जास्त लक्ष द्या, कारण पावसाळ्यात बांधावर सुटलेल्या झाडांचं बी तिथेच पडलेलं असतं.

रान मोकळं ठेवणार असाल तर महिन्यातून एकदा चक्कर मारा. पाण्याचा ताण पडला की हे गवत वीतभर असतानाच फुलतं आणि पडीक रानात कुणाचं लक्ष जात नाही. डिसेंबर-जानेवारीत पेटीभोवती, नळाच्या गळतीपाशी, उसाच्या पाटाकडेला जी हिरवी ठिकाणं उरतात ती हमखास बघा.

टप्पा २ मधली वही आता पुन्हा काढा आणि कुठे कमी झालं, कुठे नव्याने आलं ते लिहा. जमिनीतला साठा एका वर्षात संपत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात उगवण पुन्हा दाट दिसली तर घाबरू नका, पण फूल एकालाही येऊ देऊ नका.

औषधाची निवड अडत असेल तर होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली मंडळाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात, किंवा मत्तीकोप, तुक्कानट्टी यांपैकी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: सध्याचं पीक आणि पेरणीची तारीख, आंतरपीक, पुढच्या हंगामात घ्यायचं पीक, आणि चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची पिकं. तणाचा नमुना नेणार असाल तर कोवळं, फूल नसलेलं रोप न्या, तेही पिशवीचं तोंड बांधून.